वाऱ्याच्या दिशा गोल चार्टवर कशा मांडायच्या: गच्चीवरच्या नोंदीपासून छापील कागदापर्यंत

कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत रात्री अकरानंतर उग्र वास येतो. तो कुठून येतो हे कळावं म्हणून एका हिवाळ्यात आम्ही गच्चीवरून नोंदी ठेवल्या. वेळ, वाऱ्याची दिशा, वास आहे की नाही, एवढंच लिहीत होतो. नोंदी चोख होत्या, पण चार्ट चुकला. रात्रीचा वारा येत होता पूर्वेकडून, पारसिकच्या डोंगराच्या बाजूने. कागदावर मात्र तो थेट उत्तरेकडून येताना दिसत होता. तक्रार द्यायला गेलो तेव्हा समोरच्यांनी विचारलं, "उत्तरेला तर घणसोलीची घरं आहेत, तिथून कसला वास येणार?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. चाळीस रात्रींचं काम एका सूत्रातल्या अदलाबदलीमुळे वाया गेलं.

त्यानंतर ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या इतर गटांच्या शीट्स पाहिल्या. चुका त्याच त्या, आणि बहुतेक चुका चार्ट काढण्याच्या आधीच झालेल्या. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. विशेषतः चौथा टप्पा गाळून पुढे जाऊ नका.

लेखातल्या सूत्रांबद्दल आधी सांगतो. ती वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. शीटमध्ये टाइप करताना कॉलमची अक्षरं, फंक्शनची नावं आणि आकडे इंग्रजीतच टाका. 'साइन' म्हणजे एस-आय-एन, 'कॉस' म्हणजे सी-ओ-एस, 'मॉड' म्हणजे एम-ओ-डी. बाकीची नावं उच्चाराप्रमाणे आहेत आणि पहिली दोन-तीन अक्षरं टाकली की शीट स्वतःच सुचवते. काही संगणकांवर स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम लागतो. सूत्र बरोबर असूनही चूक दाखवली, तर आधी हे पाहा.

## टप्पा १: उत्तर पक्की करा

गच्चीवर होकायंत्र चुकवणाऱ्या गोष्टी ठासून भरलेल्या असतात: पाण्याच्या टाकीची लोखंडी शिडी, लिफ्टच्या मोटरची खोली, सोलर पॅनेलचा सांगाडा, कठड्यातल्या सळया. मोबाइलच्या कव्हरला चुंबकाची पट्टी असेल तर बाकी काहीच नको. लोखंड आणि वीज चुंबकसुईला किती छळतात पाहा: मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला न्यावी लागली होती.

मोबाइल कव्हरमधून काढा, इंग्रजी आठच्या आकारात दोन-चार वेळा फिरवा आणि टाकी व लिफ्टच्या खोलीपासून जमेल तेवढं लांब, गच्चीच्या मोकळ्या भागात उभे राहा. उत्तर मिळाली की जमिनीवर ऑइलपेंटने बाण काढा. पुढे प्रत्येकाने याच बाणावरून दिशा ठरवायची. रोज नव्याने होकायंत्र काढायचं नाही.

होकायंत्राची उत्तर आणि नकाशाची उत्तर यांत फरक असतो, असं कोणी सांगेल. असतो, पण आपल्या भागात तो एक अंशापेक्षाही कमी आहे. या कामासाठी तो सोडून द्या.

तपासा: बाणावर उभे राहून पूर्वेकडे पाहा. ऐरोलीपासून नेरुळपर्यंत साधारण कुठेही असाल तर त्या अंगाला ठाणे–बेलापूर रस्ता आणि त्यामागे डोंगर दिसायला हवा. खाडी पश्चिमेला. हे जुळत नसेल तर बाण पुसा आणि पुन्हा काढा.

सावधान: "सूर्य उगवतो ती पूर्व" हा नियम २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपासच खरा असतो. आपण साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. इथे जूनच्या शेवटी सूर्य सुमारे ६५ अंशांवर उगवतो आणि डिसेंबरच्या शेवटी सुमारे ११५ अंशांवर. हिवाळ्यात उगवत्या सूर्यावरून बाण काढला, तर तुमची अख्खी शीट २५ अंशांनी फिरलेली असेल.

## टप्पा २: वारा कुठून येतो ते लिहा, कुठे जातो ते नाही

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिकडून येतो ती दिशा. नैर्ऋत्य मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात. शाळेत शिकलेले खारे वारे दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात, मतलई वारे रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात. म्हणजे आपल्याकडे खारा वारा पश्चिमेच्या अंगाचा आणि मतलई वारा पूर्वेच्या अंगाचा. पाठ असूनही गच्चीवर माणूस चुकतो, कारण डोळ्यांना उलटं दिसत असतं.

काठीला बांधलेल्या रिबनचं मोकळं टोक वारा जिकडे जातो तिकडे उडतं. उदबत्तीचा धूरही तसाच. वातकुक्कुटाच्या बाणाचं टोक मात्र वारा जिकडून येतो तिकडे वळतं. एकाच गटात एक जण रिबन पाहतो आणि दुसरा वातकुक्कुट, आणि दोघेही "टोक जिकडे ती दिशा" असं लिहितात. मग अर्ध्या नोंदी १८० अंशांनी उलट्या होतात, आणि नंतर त्यांतल्या कुठल्या उलट्या हे कोणालाच सांगता येत नाही.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी यावर साधा उपाय काढला. वारा थेट तोंडावर येईपर्यंत गोल वळायचं. दोन्ही कानांवर सारखा आवाज आला की थांबायचं. तोंड जिकडे, ती वाऱ्याची दिशा. रिबन फक्त खात्रीसाठी. ही पद्धत लागू केल्यापासून आमच्याकडे उलटी नोंद झालेली नाही.

वारा कुठे मोजता यालाही महत्त्व आहे. दोन इमारतींच्या मधल्या गल्लीत वारा गल्लीच्याच दिशेने वाहतो, मग मूळ वारा कुठलाही असो. बाल्कनीत तो भिंतीवर आपटून परत येतो. गच्चीवरही कठड्याला चिकटून उभे राहू नका, तिथे भोवरे असतात.

तपासा: नोंदवहीच्या पहिल्याच पानावर आणि शीटच्या पहिल्या ओळीत हे वाक्य लिहा: "दिशा = वारा जिकडून येतो ती." वहीत हे नसेल तर दोन महिन्यांनी तुम्हालाच शंका येईल.

## टप्पा ३: नोंदींची शीट

पहिल्या शीटला 'नोंदी' नाव द्या. कॉलम असे: ए तारीख, बी वेळ, सी दिशेचं नाव, डी अंश, ई वाऱ्याचा जोर, एफ वास (आहे १, नाही ०), जी शेरा.

दुसऱ्या शीटला 'दिशा' नाव द्या. तिच्यात ए कॉलममध्ये क्रम १ ते ८, बीमध्ये नाव आणि सीमध्ये अंश:

| क्रम | दिशा | अंश |
|---|---|---|
| १ | उत्तर | ० |
| २ | ईशान्य | ४५ |
| ३ | पूर्व | ९० |
| ४ | आग्नेय | १३५ |
| ५ | दक्षिण | १८० |
| ६ | नैर्ऋत्य | २२५ |
| ७ | पश्चिम | २७० |
| ८ | वायव्य | ३१५ |

दिशेचं नाव हाताने टाइप करू देऊ नका. कोणी नैर्ऋत्य लिहितो, कोणी नैऋत्य, कोणी शेवटी एक स्पेस सोडतो. माणसाला तिन्ही एकच वाटतात, पण शीटच्या मोजणीत ते तीन वेगळे शब्द असतात आणि चार्टवर नैर्ऋत्येची पाकळी (त्या दिशेच्या नोंदींची संख्या लांबीने दाखवणारा भाग) विनाकारण आखूड होते. डेटा व्हॅलिडेशनमधून 'दिशा' शीटमधली आठ नावं आणि नववं 'शांत' अशी यादी लावा आणि यादीतूनच निवडा.

डी कॉलममध्ये अंश आपोआप येतील:

=इफ(सी२="शांत","",इंडेक्स(दिशा!सी$२:सी$९,मॅच(सी२,दिशा!बी$२:बी$९,०)))

वाऱ्याचा जोर मोजायला यंत्र नसेल तर बोफर्ट मापनाचे पहिले पाच आकडे पुरतात. धूर सरळ वर गेला तर ०. धूर वाकला, पण तोंडावर काही जाणवलं नाही तर १ (ताशी १ ते ५ किलोमीटर). तोंडावर जाणवलं आणि पानं सळसळली तर २ (६ ते ११). पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहिल्या तर ३ (१२ ते १९). धूळ आणि कागद उडाले तर ४ (२० ते २८).

सावधान: शून्य जोराच्या नोंदीला दिशा नसते. तिथे 'शांत' निवडा. सेल रिकामा सोडलात किंवा ० अंश लिहिलेत, तर त्या सगळ्या शांत रात्री उत्तरेच्या खात्यात जमा होतात. विमानतळांच्या हवामान संदेशांतही याच कारणाने शांत हवेसाठी ००० आणि उत्तरेच्या वाऱ्यासाठी ३६० असा भेद पाळतात.

तपासा: डी आणि ई कॉलममधले आकडे सेलच्या उजव्या कडेला चिकटलेले दिसतात का? डावीकडे चिकटले असतील तर शीट त्यांना मजकूर समजते आहे. देवनागरी आकडे टाइप केल्यावर हे हमखास दिसतं. ते तसेच राहिले तर पुढचं प्रत्येक सूत्र रुसणार.

## टप्पा ४: आधी फक्त चार बिंदू

एक्सेल, गुगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्क या तिन्हींत होकायंत्रासारखा चार्ट तयार मिळत नाही. तो स्कॅटर चार्टमधून (ठिपक्यांचा, आडवा-उभा अक्ष असलेला) किंवा रडार चार्टमधून बनवावा लागतो. स्कॅटरपासून सुरुवात करा, कारण त्यात चूक लपत नाही.

गणिताच्या पुस्तकात कोन उजवीकडून, म्हणजे पूर्वेकडून सुरू होतो आणि घड्याळाच्या उलट फिरतो. होकायंत्रात तो वरून, उत्तरेकडून सुरू होतो आणि घड्याळासारखा फिरतो. म्हणून शाळेत पाठ केलेली जोडी इथे उलटते. आडव्या अक्षाला साइन, उभ्या अक्षाला कॉस:

आडवा = साइन(रेडियन्स(अंश)) × त्रिज्या
उभा = कॉस(रेडियन्स(अंश)) × त्रिज्या

'चाचणी' नावाची वेगळी शीट करा. ए कॉलममध्ये ०, ९०, १८०, २७०. बी२ मध्ये =साइन(रेडियन्स(ए२)), सी२ मध्ये =कॉस(रेडियन्स(ए२)). सूत्रं खाली ओढा आणि बी–सीचा स्कॅटर चार्ट काढा. चार ठिपके दिसतील. प्रत्येकावर बोट ठेवून मोठ्याने म्हणा: उत्तर वर, पूर्व उजवीकडे, दक्षिण खाली, पश्चिम डावीकडे. जुळलं नाही, तर काय चुकलं ते इथेच कळतं:

- उत्तर उजवीकडे गेली आणि पूर्व वर आली: साइन आणि कॉसची अदलाबदल झाली आहे. आमची चूक हीच होती.
- उत्तर वर आहे, पण पूर्व डावीकडे: आडव्या अक्षाचं चिन्ह उलटलं आहे, कोन घड्याळाच्या उलट फिरतो आहे.
- उत्तर खाली आणि पूर्व डावीकडे: कुठेतरी १८० मिळवले आहेत. बहुधा 'कुठून'चं 'कुठे' करण्यासाठी कोणीतरी सूत्रात भर घातली आहे.
- उत्तर जागेवर, पूर्व उजवीकडे पण खाली घसरलेली, बाकीचे ठिपके भलतीकडेच: रेडियन्स लावायचं राहिलं.

सावधान: एकाच दिशेवरून तपासणी करू नका. साइन–कॉस उलटले तरी ईशान्य आणि नैर्ऋत्य आपापल्या जागीच राहतात. कोन उलटा फिरला तरी उत्तर आणि दक्षिण हलत नाहीत. आम्ही पहिल्या वेळी फक्त एक ईशान्येची नोंद पाहिली, ती बरोबर दिसली आणि सगळं ठीक आहे असं धरून चाललो. उत्तर आणि पूर्व, दोन्ही पाहिल्याच पाहिजेत.

कॉस(रेडियन्स(९०)) चं उत्तर शून्याऐवजी ६.१२ई-१७ असं काहीतरी दिसेल. ती चूक नव्हे. दशांशचिन्हानंतर सोळा शून्यं आणि मग ६ असा तो नगण्य आकडा आहे.

## टप्पा ५: वर्तुळ गोल दिसू द्या

चार ठिपके जागेवर आले की त्यांच्याभोवती होकायंत्राची तबकडी काढायची. 'वर्तुळ' शीटमध्ये ए कॉलममध्ये ०, ५, १० असं करत ३६० पर्यंत या. ७३ ओळी होतील. ३६० सोडलंत तर वर्तुळाला फट राहते. पुढच्या कॉलममध्ये वरचीच दोन सूत्रं, त्रिज्या १ धरून. मग त्रिज्या २, ३, ४ साठी आणखी तीन जोड्या. चारही मालिका चार्टमध्ये घाला, ठिपके काढून टाका आणि फिकट करडी रेघ ठेवा.

आरे काढायचे असतील तर प्रत्येक दिशेसाठी तीन ओळी करा: मध्यबिंदू ०, ०, परिघावरचा बिंदू, मग एक पूर्ण रिकामी ओळ. ही रिकामी ओळ नसेल तर सगळे आरे एकमेकांना जोडले जाऊन जाळं होतं.

दिशांची नावं लिहायला त्रिज्या ४.६ वर आठ बिंदू घ्या आणि त्यांना डेटा लेबल लावा. एक्सेलच्या २०१३ पासूनच्या आवृत्त्यांत लेबल थेट सेलमधून घेता येतं.

आता दोन्ही अक्षांची किमान मर्यादा -५ आणि कमाल ५ अशी हाताने टाका. शीटवर सोडून दिलंत तर ती डेटाप्रमाणे अक्ष ताणते, मध्य सरकतो आणि वर्तुळ अंडाकृती होतं. चार्टचा आतला चौकटभागही ओढून चौरस करा. सगळं जमलं की अक्ष आणि मागच्या आडव्या-उभ्या रेघा लपवा.

तपासा: स्क्रीनवर पट्टी धरा. वर्तुळाची रुंदी आणि उंची सारखी भरली पाहिजे. छापल्यावर पुन्हा मोजा, कारण 'पानावर बसवा' हा पर्याय कधी कधी आकार दाबतो.

## टप्पा ६: तुमच्या नोंदींना कुठला चार्ट?

अंश आणि वेग देणारं यंत्र असेल, तर प्रत्येक नोंदीचा एक ठिपका पुरेसा आहे. 'नोंदी' शीटच्या एच आणि आय कॉलममध्ये:

=इफ(डी२="",एनए(),साइन(रेडियन्स(डी२))*ई२)
=इफ(डी२="",एनए(),कॉस(रेडियन्स(डी२))*ई२)

वासाच्या आणि बिनवासाच्या नोंदी वेगळ्या कॉलममध्ये काढून दोन रंगांत दाखवा.

सावधान: शांत नोंदींसाठी एनए() च वापरा, रिकामे अवतरण नाही. आडव्या अक्षाच्या कॉलममध्ये एकही मजकूर आला, तर एक्सेल सगळ्या किमती बाजूला ठेवून १, २, ३ असे स्वतःचे आकडे धरतो आणि ठिपके एका रांगेत लागतात.

हाताने आठ दिशा लिहिल्या असतील तर ठिपके एकमेकांवर पडतात आणि शंभर नोंदींचे जेमतेम पंचवीस ठिपके दिसतात. अशा वेळी मोजणी करून पाकळ्या काढायच्या. 'दिशा' शीटच्या डी कॉलममध्ये एकूण नोंदी, ईमध्ये वासाच्या:

=काउंटइफ(नोंदी!सी$२:सी$५००,बी२)
=काउंटइफ्स(नोंदी!सी$२:सी$५००,बी२,नोंदी!एफ$२:एफ$५००,१)

आठ ओळींचा साधा रडार चार्ट लगेच निघतो, पण तो आठ बिंदू रेघेने जोडतो. उत्तरेला २० आणि ईशान्येला ० नोंदी असतील, तरी मधे उतरती रेघ येते आणि त्या दोहोंच्या मधूनही वारा आल्यासारखं वाटतं. म्हणून ३६० ओळींची युक्ती करा. 'पाकळ्या' शीटच्या ए कॉलममध्ये ० ते ३५९, बीमध्ये:

=इफ(अ‍ॅब्स(ए२-४५*राउंड(ए२/४५,०))>१८,०,इंडेक्स(दिशा!डी$२:डी$९,मॉड(राउंड(ए२/४५,०),८)+१))

प्रत्येक दिशेच्या दोन्ही बाजूंना १८ अंश भरतात, उरलेल्या जागेत फट राहते. मॉडमुळे ३५० अंश फिरून पुन्हा उत्तरेत येतात. सी कॉलममध्ये फक्त ०, ४५, ९० अशा आठ ओळींवर दिशांची नावं लिहा, बाकी रिकाम्या सोडा आणि हा कॉलम लेबल म्हणून द्या. मग भरीव रडार चार्ट निवडा.

तपासा: सगळे प्रोग्रॅम रडार चार्ट एकाच बाजूने फिरवत नाहीत. पूर्व उजवीकडे आली का ते पाहा. डावीकडे आली असेल तर पहिली ओळ ० तशीच ठेवून पुढच्या ओळी ३५९ पासून १ पर्यंत उलट्या क्रमाने लावा. शिवाय आठ दिशांची बेरीज अधिक शांत नोंदी बरोबर एकूण नोंदी, हा हिशेब जुळलाच पाहिजे. जुळला नाही तर कुठेतरी नावात खोट आहे.

### नोंदी दहा-दहा अंशांच्या असतील तर

हे जरा सावकाश वाचा, कारण ही चूक डोळ्यांना दिसतच नाही. विमानतळाच्या हवामान संदेशात वाऱ्याची दिशा दहाच्या पटीत असते: १०, २०, ३० असं ३६० पर्यंत, एकूण ३६ किमती. त्या आठ खणांत वाटल्या तर उत्तरेच्या खणात ३४०, ३५०, ३६०, १०, २० अशा पाच किमती पडतात आणि ईशान्येच्या खणात ३०, ४०, ५०, ६० अशा चारच. म्हणजे वारा सगळीकडून सारखा वाहिला, तरी चार मुख्य दिशांच्या पाकळ्या सव्वापट लांब निघतात. सोळा खण केले तर आणखी वाईट: मुख्य दिशांना तीन किमती आणि बाकीच्यांना दोनच, म्हणजे दीडपट. चार्टवर सुंदर क्रॉस उमटतो आणि लोक त्याची कारणं शोधत बसतात.

उपाय म्हणजे बारा खण, प्रत्येकी ३० अंशांचे. ३६ किमती बाराने निःशेष भागल्या जातात, प्रत्येक खणात तीन. शिवाय बारा खण म्हणजे घड्याळाची तबकडी, त्यामुळे समजावणं सोपं जातं: उत्तर १२ वाजता, पूर्व ३ वाजता. खणाचा क्रम असा काढा:

=मॉड(राउंड(डी२/३०,०),१२)+१

तुमच्या गटातली माणसं होकायंत्र पाहून अंश लिहीत असतील तरी ती दहाच्या पटीतच लिहितात. त्यांनाही हाच नियम लागू.

सावधान: खण दिशेच्या दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला हवा. '० ते ३०', '३० ते ६०' असे खण पाडलेत तर उत्तरेचा वारा मधोमध चिरला जातो.

## टप्पा ७: सरासरी दिशा काढायची असेल तर

तीन रात्रींच्या नोंदी समजा ३५०, १० आणि ३० अंश आहेत. तिन्ही वारे उत्तरेच्या अंगाचे. साधी सरासरी काढली तर १३०, म्हणजे आग्नेय. जिकडून वारा आलाच नाही ती दिशा 'सरासरी' म्हणून छापली जाते. अंशांना कधीही साधं अ‍ॅव्हरेज लावू नका.

त्याऐवजी प्रत्येक नोंदीचं साइन आणि कॉस त्रिज्या १ धरून वेगळ्या दोन कॉलममध्ये काढा (शांत नोंदींचे सेल इथे रिकामे चालतील) आणि त्यांची सरासरी घ्या. समजा ते कॉलम के आणि एल आहेत:

=मॉड(डिग्रीज(एटॅन२(अ‍ॅव्हरेज(एल२:एल५००),अ‍ॅव्हरेज(के२:के५००))),३६०)

इथे के म्हणजे साइन, एल म्हणजे कॉस. एटॅन२ मध्ये कॉस आधी, साइन नंतर. संगणकाच्या बहुतेक भाषांत हा क्रम उलटा असतो, त्यामुळे प्रोग्रॅमिंग येणारी मुलं इथे हटकून चुकतात.

तपासा: ३५०, १०, ३० या तीनच नोंदी घालून पाहा. उत्तर १० आलं पाहिजे.

दिवसाच्या आणि रात्रीच्या नोंदी एकत्र करून सरासरी काढू नका. दुपारी खाडीकडून आणि रात्री डोंगराकडून येणारा वारा मिसळला तर उरणाऱ्या दिशेला काहीच अर्थ नसतो.

## टप्पा ८: वास कुठल्या वाऱ्याबरोबर येतो?

वास आला तेव्हाच नोंद करायची, ही सवय मोडा. हिवाळ्यात रात्रीचा वारा बहुतेक वेळा पूर्वेच्या अंगाचाच असतो. त्यामुळे फक्त वासाच्या रात्री मोजल्या तर चार्ट पूर्वेकडे बोट दाखवणारच, वास कुठलाही असो. ओहोटीला खाडीच्या चिखलाचा वास येतो, नाल्याचा येतो, कारखान्याचा येतो. यांतला कोणता, हे ठरवायला वास नसलेल्या वेळा तितक्याच लागतात.

म्हणून ठरलेल्या वेळी नोंद करा, वास असो वा नसो. पहाटे सहा, दुपारी तीन, रात्री अकरा चालेल. चाळीस दिवसांत १२० नोंदी होतील. त्यांत समजा ईशान्येच्या ३० नोंदी आणि त्यांपैकी १८ वेळा वास, तर प्रमाण ६० टक्के. पश्चिमेच्या ४५ नोंदी आणि ३ वेळा वास, तर जेमतेम ७ टक्के. 'दिशा' शीटच्या एफ कॉलममध्ये ई भागिले डी करा आणि पाकळ्यांसाठी डीऐवजी हा कॉलम द्या. हा चार्ट तक्रारीला जोडण्याजोगा असतो. पण एखाद्या दिशेच्या पाच-सहाच नोंदी असतील तर तिची पाकळी काढू नका. सहापैकी तीन म्हणजे ५० टक्के हे छापायला मोठं दिसतं, पण त्यात दम नसतो.

शांत हवेत आलेला वास स्वतंत्र आकडा म्हणून लिहा. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन साचते आणि वास तिथेच घोटाळत राहतो. तो कुठल्याच पाकळीत घालू नका.

## टप्पा ९: कागदावर जाण्याआधी

पाकळी दुप्पट लांब झाली की तिचं क्षेत्रफळ चौपट दिसतं. काही जण यासाठी वर्गमूळ घेऊन लांबी ठरवतात. मला ते पटत नाही. तक्रार वाचणारा माणूस पट्टीनेच पाहणार. साधी लांबी ठेवा आणि प्रत्येक कड्यावर आकडा लिहा.

चार्टखाली पाच गोष्टी छापा: दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती, नोंदी कुठून कुठल्या तारखेपर्यंतच्या, रोजच्या वेळा, एकूण नोंदी, त्यांपैकी शांत किती. शेजारी परिसराचा छोटा नकाशा ठेवा, त्याचीही उत्तर वरच हवी. आमच्या दुसऱ्या प्रयत्नात नकाशा कागदावर बसावा म्हणून कोणीतरी तो आडवा फिरवला होता, तेव्हा चार्ट आणि नकाशा दोन्ही छापून झाल्यावर शेजारी शेजारी धरा आणि खाडी डावीकडेच आहे ना ते बघूनच सह्या घ्या.